गाडी लागणाऱ्या कुटुंबाचे सह्याद्रिदर्शन

मराठी कुटुंबाची भाड्याच्या गाडीतून निघणारी सहल वरवर पाहता सृष्टिसौंदर्य न्याहाळण्यासाठी असते. परंतु गाडी कोठे थांबावी, किती वेळ थांबावी आणि थांबल्यावर कोणत्या दिशेला तोंड करून उभे राहावे, यांपैकी एकही निर्णय सृष्टीच्या हाती नसतो, असे थोडी चिकित्सा केल्यास आढळून येते. हे निर्णय घेणाऱ्या सत्ता वेगळ्याच असून, मनुष्याचा अंतर्कर्ण आणि भाड्याच्या गाडीचा किमान दर या त्यांतील दोन प्रमुख होत. प्रवासवर्णनकारांनी सूर्यास्तावर जितकी शाई खर्च केली, तिच्या शतांशानेही या दोहोंची दखल घेतलेली नाही.

पुढील विवेचनासाठी पुण्याच्या कोथरूड भागातील एक कुटुंब गृहीत धरले आहे, जे एरवी तीन निरनिराळ्या सदनिकांत सुखाने राहते आणि सहलीपुरतेच एकत्र येते. त्यात आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, भाऊबीजेसाठी माहेरी आलेल्या आत्याबाई, त्यांचे यजमान आणि उरलेली संख्या भरून काढणारी नातवंडे यांचा समावेश होतो. प्रवासाचा प्रारंभ कार्तिक शुद्ध सप्तमीला, म्हणजे भाऊबीज आटोपलेली, शाळा अद्याप उघडलेल्या नाहीत आणि डब्यातील चकल्या मऊ पडू लागल्या आहेत अशा काळात होतो. मार्ग पुणे, सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर आणि गणपतीपुळे असा ठरतो, व परतीसाठी आंबा घाट राखून ठेवला जातो.

वाहन टेम्पो ट्रॅव्हलर हे असते. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी उभी केलेली बजाज टेम्पो ही कंपनी, जिचे २००५ साली फोर्स मोटर्स असे नामांतर झाले, प्रथम जर्मन धर्तीच्या तीनचाकी गाड्या, पुढे मॅटॅडोर आणि त्यानंतर ट्रॅव्हलर या क्रमाने रस्त्यावर उतरली. आजोबा मात्र मॅटॅडोरपाशीच थांबलेले असल्याने सबंध प्रवासात ‘मॅटॅडोर लावली का?’ असेच विचारतात आणि ड्रायव्हरदादाही त्यांना ‘लावली आजोबा’ असे उत्तर देऊन वाद टाळतात. गाडी तेरा आसनांची ठरवलेली असते आणि माणसे चौदा भरतात. ही तफावत ‘एक मूल मांडीवरचे आहे’ या विधानाने मिटवली जाते, व सदर मूल यंदा पाचवीत गेले असल्याचे प्रत्यक्ष मांडीवर घेण्याची वेळ येईपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही.

सामानाच्या बाबतीत मराठी प्रवासाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेस गेले, ऐन बंडात सापडले आणि तशाही स्थितीत आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. त्या कावडीचा आजचा वारसदार म्हणजे मधल्या वाटेत आडवा ठेवलेला वीस लिटर पाण्याचा जार होय, जो प्रत्येक वळणावर कोणाच्या तरी घोट्यावर येतो आणि तरीही, रस्त्यात दर दहा किलोमीटरवर बाटलीबंद पाणी मिळत असूनही, घरी ठेवला जात नाही. त्याच्या जोडीला आजींचा फिरकीचा तांब्या असतो, म्हणजे ज्याचे झाकण आट्यांवर फिरवून घट्ट बसते असा पितळी तांब्या. खाद्यपदार्थांत दशम्यांना अग्रस्थान आहे. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली ही भाकरी किंवा पोळी दोन-तीन दिवस टिकते, या गुणावर तिची प्रवासातील कीर्ती उभी आहे. प्रत्यक्षात ती शिरवळच्या आतच संपत असल्याने या गुणाची परीक्षा होण्याचा प्रसंग येत नाही.

निघण्याची वेळ पहाटे पाचची ठरते, तेव्हा ती सातची आहे हे सर्वांस ठाऊक असते. केवळ ड्रायव्हरदादा पाचला येऊन उभे राहतात, व त्यांच्या त्या दोन तासांतील तीन कप चहा हा कुटुंबाच्या अपराधी भावनेचा पहिला हप्ता समजावा.

येथे ‘गाडी लागणे’ या संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोके वळले की त्यातील द्रव हलून मेंदूला तशी वर्दी देतो. गाडीत बसलेल्या माणसाची नजर जर समोरच्या आसनाच्या पाठीवर, मोबाइलवर किंवा चिवड्याच्या डब्यावर खिळलेली असेल, तर डोळे मेंदूस ‘सर्व स्थिर आहे’ असे कळवतात, त्याच क्षणी कान ‘आपण डावीकडे फिरत आहोत’ असे सांगतो, आणि या दोन साक्षीदारांच्या परस्परविरोधी जबानीचा निकाल मेंदू जठराच्या विरुद्ध देतो. चालकाला हा त्रास सहसा होत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते. यावरून असे निष्पन्न होते की, पीडित व्यक्तीस पुढे, चालकाशेजारी बसवून रस्त्याकडे पाहायला लावणे हा शास्त्रशुद्ध उपाय आहे. परंतु ते आसन वयोमानाने आजोबांचे असते, आणि आजोबा तेथे बसताच दोन मिनिटांत झोपी जातात. ज्याला बाहेर पाहण्याची वैद्यकीय गरज आहे तो मागच्या बाकावर आणि ज्याला काहीच पाहायचे नाही तो काचेसमोर, अशी ही व्यवस्था बदलण्याची सूचना कोणीही मांडत नाही, कारण आत्याबाईंनी ‘मला काही गाडी लागत नाही’ असे जाहीर केलेले असते.

हे विधान त्या १९८० च्या सुमारापासून करत आलेल्या आहेत. त्यांच्या पिशवीत मात्र आवळासुपारी, आलेपाक, एक लिंबू, चार लवंगा आणि अ‍ॅव्होमिनची पट्टी असा सरंजाम असतो, जो त्यांच्या म्हणण्यानुसार ‘मुलांसाठी’ आहे. मुलांना ती गोळी घरीच दिली जाते, आणि ही गोळी प्रवासापूर्वी घ्यावयाची असून गुंगी आणणारी असल्याने मुले कात्रजच्या बोगद्यात झोपतात व खंबाटकीचा घाट, वाईचा फाटा, साताऱ्याचा अजिंक्यतारा आणि कंदी पेढ्यांची खरेदी या साऱ्यांना मुकतात. आत्याबाई ती पाटण ओलांडल्यावर, गुपचूप, म्हणजे तिचा उपयोग होण्याची शक्यता जवळजवळ संपल्यावर घेतात. परिणामी घाटाच्या तोंडाशी गाडीतील प्रवाशांचे निद्रिस्त आणि पीडित असे दोनच वर्ग उरतात.

घाटापूर्वी कोयना येते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून ही नदी दक्षिणेकडे धावते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. परंतु १९६० च्या दशकात पुरे झालेल्या धरणाने तिचे पुष्कळसे पाणी अडवून, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर सोडले, आणि ते वीज निर्माण करून वाशिष्ठी नदीमार्गे अरबी समुद्राला जाऊ लागले. सारांश, कोयनेचे पाणी आणि हे कुटुंब एकाच ठिकाणाहून निघून एकाच समुद्राकडे जाते. पाणी सरळ बोगद्याने जाते म्हणून त्याला गाडी लागत नाही. ही माहिती थोरले काका देतात व ती देताना दोन्ही हातांनी डोंगर, धरण आणि बोगदा करून दाखवतात, त्यामुळे धाकट्या काकूंच्या हातातील चहा वाशिष्ठीच्या दिशेने सांडतो.

आजोबा याच सुमारास जागे होतात, कारण धरण म्हटले की पुण्यातील त्यांच्या पिढीस झोप अशक्य होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपाने पुण्याच्या खोलीतील फळीवरची भांडी कशी वाजली, हे ते सांगू लागतात. परंतु भांड्यांच्या वर्णनात एक पातेले असे निघते की जे पानशेतच्या पुरात, म्हणजे १२ जुलै १९६१ रोजी, वाहून जाता जाता वाचले होते, आणि मग कोयनेचा भूकंप अर्ध्यावर सोडून कथन सहा वर्षे मागे पुण्यात जाते. खिडकीबाहेर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा निळा फाटा डोंगरांच्या मधून क्षणभर दिसतो व नाहीसा होतो. त्या वेळी सर्वांच्या माना आजोबांकडे वळलेल्या असतात, कारण पातेल्याचे काय झाले हे ऐकणे भाग असते. ते पातेले अद्याप आजींच्या स्वयंपाकघरात आहे आणि तिने, म्हणजे आजींनी, त्यातच परवा चिवडा केला होता, असे शेवटी उघड होते.

कुंभार्ली घाट हा देशावरचा कऱ्हाड-पाटणचा प्रदेश आणि कोकणातील चिपळूण यांना जोडतो. सह्याद्रीचा पश्चिम कडा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला असून, बेसॉल्ट या काळ्या पाषाणाचे ते थर उताराच्या बाजूस पायऱ्यांसारखे उघडे पडलेले असतात, आणि दिवाळीच्या सुमारास त्या पायऱ्यांवरचे गवत हिरव्याचे सोनेरी होऊ लागलेले असते. पर्यटनपुस्तिकांनी या घाटात पाहण्याजोग्या जागा नमूद केलेल्या आहेत. गाडी त्यांपैकी एकाही जागी थांबत नाही, कारण त्या वेळी आत्याबाई डोळे मिटून लिंबू हुंगत असतात आणि ‘चला, चला, मला काही होत नाही’ असे म्हणत असतात. त्यानंतर कोणत्याही पुस्तिकेत नसलेल्या, ना कठडा ना फलक अशा एका वळणावर त्या ड्रायव्हरदादांना केवळ दोन अक्षरी आज्ञा देतात, आणि गाडी थांबते.

या थांब्यावर जे घडते त्याला या विवेचनात मध्यवर्ती स्थान आहे. आत्याबाई गाडीच्या डोंगराकडील बाजूस जातात, त्यांचे यजमान तांब्या घेऊन त्यांच्यामागे उभे राहतात, आणि उरलेले सर्व कुटुंब, झोपेतून उठलेल्या मुलांसह, खाली उतरते; परंतु वडीलधाऱ्या बाईंच्या त्या अवस्थेकडे पाहणे शिष्टाचारास धरून नसल्याने सर्वजण एकाच वेळी विरुद्ध दिशेला तोंड फिरवतात. विरुद्ध दिशेला सबंध कोकण असते. खाली पोफळीची घरे, पलीकडे वाशिष्ठीचे खोरे, एकामागून एक फिकट होत गेलेल्या डोंगरांच्या रांगा, कापणी झालेल्या भातखाचरांचे पिवळे चौकोन आणि दरीतून वर येणारा दमट, किंचित खारट वाटणारा वारा. तेथे बोलणे प्रशस्त नसते, मोबाइल काढणे तर त्याहून नसते, त्यामुळे बारा माणसे पाच-सात मिनिटे हालचाल न करता, एक शब्द न उच्चारता सह्याद्रीकडे पाहत उभी राहतात. चित्रकार किंवा तपस्वी यांनाही इतकी एकाग्रता सहजी साधत नाही. पुढे घाट उतरेपर्यंत असे आणखी थांबे होतात, आणि पोफळीस पोहोचेतो कुटुंबाचे सृष्टिदर्शन पुरे झालेले असते. तेथे आजोबा मागे जातात व आत्याबाईंना पुढचे आसन मिळते. घाट आता संपलेला असतो.

चिपळूणला जेवण होते. हॉटेल निवडताना पाटीवरील पदार्थ कोणी वाचत नाही. प्रथम थोरल्या काकू एकट्या आत जाऊन स्वच्छतागृह पाहून येतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरील निकालानुसार गाडीचे दार उघडते किंवा बंद होते.

गुहागरला कुटुंब एका घरगुती निवासात उतरते. येथे माशांचा प्रश्न निर्माण होतो. घरातील मंडळी शाकाहारी, परंतु आत्याबाईंचे यजमान आणि धाकटे काका हे बाहेर खाणारे, म्हणजे घराच्या उंबऱ्याबाहेर मासे चालतात असे मानणाऱ्या पंथाचे असतात. निवासाच्या मालकीणबाईंनी तळलेल्या सुरमईचा वास दुसऱ्या पडवीत जेवणाऱ्या आजींपर्यंत पोहोचतो, आणि त्या ‘आज वार कोणता?’ एवढेच विचारतात. या प्रश्नास उत्तर देण्याऐवजी दोघे सोलकढीची स्तुती करतात.

दुसरे दिवशी अष्टमी. गुहागरच्या व्याडेश्वराचे दर्शन, वेळणेश्वर आणि पाठोपाठ हेदवीचा दशभुज गणपती हे सारे उरकून कुटुंब भर दुपारी हेदवीच्या किनाऱ्यावरील बामणघळ पाहण्यास जाते. किनाऱ्याच्या काळ्या खडकात पडलेली ही अरुंद, खोल भेग असून, भरतीच्या वेळी लाट तीत शिरते, पुढे वाट न मिळाल्याने कोंडते आणि मोठा आवाज करून उंच उडते. कुटुंब पोहोचते तेव्हा घळीच्या तळाशी थोडे पाणी, दोन खेकडे आणि एक चपला हरवलेला पर्यटक यांखेरीज काही नसते. थोरले काका तेथे बसलेल्या शहाळेवाल्यास ‘आज बंद आहे का?’ असे विचारतात. शहाळेवाला कोयत्याने शहाळ्याचे तोंड छाटत, मान वर न करता, ‘बंद नाही, ओहोटी आहे. तिथी कोणती आज?’ असे म्हणतो, आणि आजी गाडीतून अष्टमी असल्याचे सांगताच ‘मग आठाची पाऊणपट सहा. सहा वाजता या’ असा निकाल देतो.

हा हिशेब कोकणपट्टीवर सर्वत्र चालतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते, त्यानंतर ती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येत जाते, म्हणून तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने हाती लागते, व तिच्यापासून सहा तासांवर ओहोटी. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, १९७३ पासून निघणारे कालनिर्णय आजींच्या पिशवीत आरंभापासून होते, निघण्याचा दिवस त्यातच पाहिला होता आणि अष्टमी कोणती हे त्यांना तोंडपाठ होते. मात्र तिथीचा समुद्राशी काही संबंध असेल अशी शंका कोथरूडमध्ये येण्याचे कारण नव्हते. सहापर्यंत थांबावे काय, यावर मतदान झाले. आजी आणि पाचवीतील मांडीवरचे मूल एवढीच मते थांबण्याच्या बाजूने पडली.

तवसाळ येथे शास्त्री नदीची खाडी आडवी येते. तिला वळसा घालून रत्नागिरीकडे जाणे बरेच लांब पडते, म्हणून माणसे, दुचाक्या आणि मोठ्या गाड्या यांना एकत्र घेऊन पलीकडे जयगडास नेणारी फेरीबोट येथे चालते. कोकणातील अनेक खाड्यांवर अशा बोटी सुरू झाल्यापासून किनाऱ्याचा प्रवास आमूलाग्र बदलला आहे, आणि प्रस्तुत कुटुंबाच्या दृष्टीने तिचे विशेष महत्त्व हे की, या सबंध सहलीत गाडी चालत असताना गाडीबाहेर उभे राहता येण्याची ही एकमेव जागा होय. आत्याबाई कठड्याशी उभ्या राहून समोरचा किनारा पाहतात व त्यांना काहीही होत नाही. ‘बघा, मला लागत नाहीच,’ असे त्या सर्वांस बोलावून सांगतात.

गणपतीपुळ्यात टेकडीच गणपतीचे रूप मानली जात असल्याने प्रदक्षिणा सबंध टेकडीला घालावी लागते, आणि ती आजोबांनी न थांबता पूर्ण केली, हा उल्लेख करून दुसऱ्या प्रमुख सत्तेकडे वळणे इष्ट ठरेल. भाड्याच्या गाडीचा दर किलोमीटरमागे असतो, पण दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरले जातात. गाडी त्याहून कमी चालली तरी पैसे तीनशेचेच द्यावे लागतात. पहिल्या दिवशी पुणे ते गुहागर अंतर पावणेतीनशेच्या घरात गेले होते, परंतु दुसरा दिवस शंभरच्याही आत संपला, आणि हे गणित रात्री लक्षात आल्यापासून थोरल्या काकांना झोप येईना. न वापरलेले दोनशे किलोमीटर त्यांना ताटात टाकलेल्या अन्नासारखे दिसू लागले. त्यामुळे मालगुंड, म्हणजे १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांचे गाव, पहाटेच पाहावयाचे ठरले. वस्तुतः ते गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ असल्याने किलोमीटरांच्या दृष्टीने ही भेट निष्फळ ठरली. आधुनिक मराठी कवितेच्या जनकाच्या घरासमोर काका मीटर पाहून खिन्न झाले, याचा अर्थ जवळ उभ्या असलेल्या पर्यटकांनी निराळा लावला.

मग रत्नागिरीस जाऊन थिबा राजवाडा पाहण्यात आला. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून कोकणात आणून ठेवले, १९१० मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधून पुरा झाला आणि १९१६ साली तो येथेच मरण पावला. आपली इच्छा विचारात न घेता, दुसऱ्यांच्या हिशेबासाठी आपल्याला कोकणात फिरवले जात आहे, ही भावना मागच्या बाकावरील नातवंडांना तोवर चांगलीच परिचित झालेली असल्याने त्यांनी राजाविषयी अनपेक्षित आस्था दाखवली. विशेषतः त्याला तीस वर्षांत एकदाही घरी जाऊ दिले नाही हे ऐकून पाचवीतील मुलाने ‘आपण कधी जाणार?’ असे विचारले.

परतीचा आंबा घाट लवकर आटोपला. आत्याबाई पहिल्यापासून पुढे बसल्या, गोळी वेळेवर घेतली आणि साखरप्यापासून मलकापूरपर्यंत निवांत झोपल्या. गाडी कोठेही थांबली नाही, व आंबा घाट कसा आहे हे या कुटुंबातील कोणीही आजतागायत सांगू शकत नाही.

कोथरूडला पोहोचल्यावर सोसायटीच्या फाटकाशी हिशेब मांडला गेला. तीन दिवसांचे नऊशे किलोमीटर, शिवाय टोल, फेरीबोट आणि ड्रायव्हरदादांचा रात्रीचा भत्ता. येथे ‘गॅरेज ते गॅरेज’ ही संज्ञा पुढे आली. तिचा अर्थ असा की, मोजणी गिऱ्हाइकाच्या दारापासून न होता गाडी मालकाच्या गॅरेजमधून निघाल्यापासून परत तेथे पोहोचेपर्यंत होते, आणि हे गॅरेज हडपसरला होते. यावर थोरल्या काकांनी, सामान उतरत असताना, ग्राहकाचे हक्क, तत्त्व आणि माणुसकी या मुद्द्यांवर अर्धा तास प्रतिवाद केला. ड्रायव्हरदादांनी तो ऐकून घेतला व शेवटी, गाडी एकूण आठशेसुद्धा चाललेली नाही, तेव्हा हडपसरचे तीस धरले काय आणि न धरले काय, पैसे नऊशेचेच आहेत, हे शांतपणे निदर्शनास आणले. काका क्षणभर थांबले. वाया गेलेल्या किलोमीटरांतून तीस कमी होत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी लगेच ते तीस लिहून घेण्याचा आग्रह धरला, आणि काल रात्री गणपतीपुळ्यात दादा गाडी घेऊन जेवायला गेले होते, तेही किती झाले ते आठवून सांगावे, अशी विनंती केली.